आमच्या जीपचे तीन रंग

आजचा भाग जरा घरचा आहे. दर वेळी आपण एखादी लढाई, एखादा किल्ला, एखादा विसरलेला माणूस घेतो. आज विषय आहे आमच्या मामाच्या अंगणातली एक जुनी जीप. गेल्या दिवाळीपासून मी आणि मामा तिच्या मागे लागलोय. गंज काढला, पत्रा ठोकला, रंग दिला. आणि हे करता करता एक असा इतिहास सापडला, जो शोधायला मी निघालोच नव्हतो.

माझं आजोळ कोल्हापूर जिल्ह्यातलं, राधानगरीच्या बाजूचं, भोगावतीच्या काठावरचं. घरामागे उसाचं रान आणि गोठ्याशेजारी पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये ही जीप गेली पंधरा वर्षं उभी होती. कोंबड्या तिच्या मागच्या बाकावर अंडी घालायच्या. आजोबांनी ती १९८४ मध्ये सरकारी लिलावात घेतली. आरसी बुकात नोंद आहे १९६७ ची. जुना नंबर, म्हणजे तीन अक्षरं आणि चार आकडे, अजून तसाच आहे.

मी मामाला म्हटलं, "हिला एकदम मिलिटरी लूक देऊ. ऑलिव्ह ग्रीन, बॉनेटवर पांढरा तारा." मोबाइलवर फोटो दाखवले. मामा हसला. "लेका, ग्रीन मारलास तर पहिल्या नाक्यावरच थांबवतील."

मला वाटलं, गंमत करतोय. पण खरंच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलाय. खासगी गाडीला तो देता येत नाही. शिवाय कुठलाही रंग बदलला तरी आरसीवरची नोंद बदलून घ्यावी लागते. म्हणजे माझा सगळा प्लॅन पहिल्याच दिवशी बारगळला.

मग प्रश्न आला, रंग द्यायचा तरी कुठला? मी म्हटलं, हिचा मूळ रंग होता तोच देऊ. मामा म्हणाला, "मूळ म्हंजे कंचा?"

मंडळी, आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे.

आधी थोडं मागे जाऊ. जीप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सैनिक का येतात? कारण तिचा जन्मच युद्धासाठी झाला. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली, की आम्हाला एक हलकी, चारही चाकांना ताकद जाणारी छोटी गाडी पाहिजे, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत पाहिजे. इतक्या कमी वेळात कोण करणार? त्या मुदतीत नमुना देण्याची तयारी दाखवली ती बँटम नावाच्या एका छोट्या, जवळजवळ बुडालेल्या कंपनीने. कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअरने काही दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी लष्कराच्या दारात उभी केली.

पण बँटमचा कारखाना लहान. हजारो गाड्या ते कसे देणार? लष्कराने त्यांचा आराखडा विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनाही पाहू दिला. शेवटी विलीजचं ६० हॉर्सपॉवरचं दणकट इंजिन सरस ठरलं. पुढे विलीज आणि फोर्ड दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला जेमतेम अडीच-पावणेतीन हजार आल्या. कल्पना एकाची, नाव दुसऱ्याचं. इतिहासात हे नेहमीचंच.

एक छोटी गंमत. कंपनीचं नाव आपण सगळे 'विलीज' म्हणतो, पण संस्थापक जॉन नॉर्थ विलिस यांच्या आडनावाचा उच्चार 'विलिस' असाच आहे. आमच्या मिस्त्रीला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पाना दे."

आता ही गाडी आपल्याकडे कशी आली? युद्धकाळात के. सी. महिंद्रा अमेरिकेत होते, भारतासाठी सामान खरेदी करणाऱ्या मंडळाचं काम पाहत होते. तिथे त्यांनी जीप जवळून पाहिली. १९४५ मध्ये कंपनी निघाली, तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आणि १९४९ मध्ये मुंबईत माझगावला, सुट्या भागांत आलेल्या ७५ विलीज जीपची पहिली खेप जोडली गेली. रस्ते नसलेल्या देशाला रस्ता न लागणारी गाडी मिळाली.

स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच, हे तुम्हाला माहीत असेल. १९४८ मध्ये काश्मीरच्या युद्धासाठी लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत जीपचा करार झाला. गाड्या नव्या नव्हत्या, रीकंडिशन केलेल्या होत्या. आल्या १५५, आणि त्या वापरण्याजोग्या नाहीत अशी ओरड झाली. लोकसभेत गदारोळ झाला, चौकशीची मागणी झाली, आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं. आमची जीप उघडल्यावर मामा म्हणाला, "वरनं रंग मारून विकलं की झालं. कोन आत बघतंय?" गंजलेल्या चासीकडे बघताना मला ते वाक्य फार पटलं.

तर आता आत बघू.

जुन्या गाडीचा मूळ रंग शोधायची एक साधी पद्धत आहे. सगळा रंग एकदम खरवडायचा नाही. आधी ऊन-पावसापासून वाचलेल्या जागा बघायच्या: डॅशबोर्डखाली, नंबरप्लेटच्या मागे, स्टेपनीच्या ब्रॅकेटखाली. आणि एका सपाट जागी, साधारण बांगडीएवढं गोल, पाणी पेपरने हळूहळू घासायचं. मध्यभागी जास्त, कडेला कमी. मग कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी वर्तुळं दिसायला लागतात. सगळ्यात बाहेर शेवटचा रंग, सगळ्यात आत पत्रा. मधलं प्रत्येक वर्तुळ म्हणजे गाडीचं एकेक आयुष्य.

हे करताना पेपर ओला ठेवायचा आणि तोंडाला चांगला मास्क लावायचा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपला शेंदूर असतो ना, तोही शिशाचाच. असल्या रंगाची कोरडी धूळ उडवणं म्हणजे ती छातीत भरून घेणं.

आमच्या जीपवर तीन वर्तुळं निघाली.

पहिलं, बाहेरचं, भडक लाल. ते मामाला तोंडपाठ होतं. १९८७ नंतर ही जीप वडापला होती. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, वडाप म्हणजे एसटी येत नाही किंवा वेळेवर येत नाही त्या रस्त्यावर माणसं भरून नेणारी खासगी जीप. पुढे ड्रायव्हरसकट चार, मागे आठ, आणि फळीवर उभे राहतील तेवढे. कायदेशीर नव्हतं, पण बाजारच्या दिवशी त्याशिवाय गावाला पर्यायही नव्हता. त्याच काळात आजोबांनी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. पेट्रोलवर वडाप परवडत नव्हतं.

लालच्या आत पांढरा. आणि पांढऱ्याच्या आत फिकट निळसर करडा. त्याच्याखाली थेट रेड ऑक्साइडचा प्रायमर, मग पत्रा.

हिरवा कुठेच नाही. मी डॅशबोर्डखाली टॉर्च मारून पाहिलं, बॅटरीच्या ट्रेखाली पाहिलं. हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही. ही जीप कधी लष्करात नव्हतीच. तिच्या तोंडावरही तेच लिहिलंय. युद्धातल्या जीपच्या जाळीला नऊ फटी असायच्या, नंतरच्या नागरी जीपला सात. आमचीला सात. बॉनेटही उंच, कारण हे सीजे-३बी मॉडेल. त्यातल्या मूळ इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद पडलं. आपल्याकडे मात्र पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं.

इथे मला पहिल्यांदा जाणवलं, की आपल्या गावांत जीप सैन्य म्हणून आलीच नाही. ती सरकार म्हणून आली.

विचार करा. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. मग गट आले, गटविकास अधिकारी आले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. या सगळ्यांना वाडीवस्तीपर्यंत पोचायचं कसं? जीपने. मलेरियाचे फवारणीवाले, देवी काढणारे, शेतकी अधिकारी, निवडणुकीच्या पेट्या, दुष्काळी कामांचे हजेरीपट, सगळं जीपने. कित्येक गावांनी पाहिलेलं पहिलं चारचाकी वाहन हेच असणार. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून 'साहेब आले' म्हणत नाहीत, 'जीप आली' म्हणतात.

आणि मग तिसऱ्या दिवशी तो त्रिकोण सापडला.

मी डाव्या बाजूचा पत्रा घासत होतो. पांढऱ्याखाली करडा यायला पाहिजे होता, पण लालसर काहीतरी यायला लागलं. मला वाटलं प्रायमर. पण कड सरळ होती. हळूहळू घासत गेलो तर दुसरी कड. दोन्ही कडा खाली जाऊन एका टोकाला मिळत होत्या. उलटा लाल त्रिकोण, वीतभर.

तुमच्या वयाच्या लोकांनी तो जुन्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर पाहिला असेल. ही कुटुंबनियोजनाची खूण. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, दीप त्यागी हे त्या खात्याच्या प्रचाराचं काम बघत असताना ही खूण देशभर गेली. अक्षर न येणाऱ्या माणसालाही लांबून कळावी, इतकी सोपी. भिंती, एसटी, काडेपेट्या आणि जीप, सगळीकडे ती आली.

मी खूश झालो. फोटो काढला, म्हटलं हा तर खजिना आहे. हा त्रिकोण नीट उघडा करायचा, वर क्लिअर कोट मारायचा आणि तसाच ठेवायचा. लोक थांबून विचारतील.

संध्याकाळी शेजारचे आप्पा आले. वय सत्तरीच्या पुढचं. रोज यायचे, बाजेवर बसायचे, आमचं काम बघायचे. त्या दिवशी ते पत्र्याजवळ गेले, त्रिकोणावरून बोट फिरवलं, आणि काही न बोलता घरी गेले. चहासुद्धा घेतला नाही.

मामाने मला मग सांगितलं. १९७६ साली आप्पा बावीस-तेवीस वर्षांचे होते. एक मुलगी होती. जीपचा आवाज आला की गावातले बाप्ये उसात पळायचे. आप्पा दोन रात्री उसात होते, भर पावसात. त्यांचा थोरला भाऊ घरी सापडला.

मंडळी, आकडे सांगतो, कारण आकडे नसले की ही गोष्ट नुसती ऐकीव वाटते. आणीबाणी लागली २५ जून १९७५ ला. १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २६ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या एका वर्षात, १९७६-७७ मध्ये, सुमारे ८१ लाख. नंतर नेमलेल्या शहा आयोगासमोर या शस्त्रक्रियांशी जोडलेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद आली. वरून उद्दिष्टं ठरत होती, ती खाली उतरताना शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांच्या डोक्यावर येत होती. 'केसेस' आणा. आणि आपला महाराष्ट्र यात मागे नव्हता. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. १९७७ मध्ये सरकार बदललं आणि 'कुटुंबनियोजन' जाऊन 'कुटुंब कल्याण' हे नाव आलं.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांकडे गेलो. विचारलं, "आप्पा, तुम्हाला धरायला आलेली जीप हीच होती का?"

ते म्हणाले, "काय ठावं. आवाज समद्यांचा एकच. आन् तालुक्यात जीपा तरी किती हुत्या?"

मी विचारलं, "तो त्रिकोण ठेवू का उघडा?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "तुला ती शोभा वाटतीया. मला अजून घाम फुटतोय."

मी परत आलो ते थेट पॉलिश पेपर हातात घेऊन. आत्ता घासून टाकतो, संपला विषय. तर आजी ओट्यावरून म्हणाली, "पुसू नको रं." तिचं कारण वेगळंच. माझ्या आईच्या वेळेला ती दोन दिवस अडली होती, नदीला पूर, बैलगाडी निघेना. तेव्हा आरोग्य खात्याचीच जीप तिला कोल्हापूरला घेऊन गेली होती. "गाडीवर त्योच तिकोन हुता. त्यो दिसला तवा वाटलं, आता वाचतोय."

आता सांगा. खूण एकच. एकाला ती दिसली की पळावंसं वाटायचं, एकीला वाटायचं वाचलो. दोघंही खरं बोलतात. आणि मी, पुण्याहून आलेला, मोबाइलवर फोटो काढणारा, मला फक्त 'लूक' दिसत होता.

मार्ग शेवटी पेंटरकाकांनी काढला, तोही रागाने. मी म्हटलं, त्रिकोण पुसायचा नाही आणि दाखवायचाही नाही, वरून रंग देऊ. ते म्हणाले, "येडा हैस का? बाकी गाडी पत्र्यापर्यंत घासलीया, तेवढाच तुकडा जुन्या रंगावर? थिनर लागला की खालचा रंग उचलंल, सुरकुत्या पडतील." ते बरोबर होतं. जुन्या इनॅमलवर एनसी थिनरचा रंग मारला की तो खालचा थर फुगवतो. उपाय एकच, मध्ये आडपडदा. त्या वीतभर जागेवर आम्ही फक्त वरची चमक जाईल इतपत ६०० नंबरचा पेपर मारला, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले, पूर्ण वाळू दिला, कडा लांबीने उतरत्या केल्या, आणि मग बाकी गाडीसोबत सरफेसर मारला.

बाकीचं काम तुम्हाला घरी करायचं असेल म्हणून थोडक्यात सांगतो. खोलताना प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर नाव लिहा, आणि खोलण्याआधी व्हिडिओ काढा. ग्रीस रॉकेलने काढा, मग साबणाने धुवा, नाहीतर रंग धरत नाही. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करा, लांबीने भोक बुजवू नका, वर्षात परत उघडतं. लांबी पातळच पाहिजे. आणि रंग सकाळी, वारा पडलेला असताना, जमिनीवर पाणी मारून, म्हणजे धूळ उडत नाही.

एवढं करूनही आमचा पहिला हात वाया गेला. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला होता. कारखान्याच्या धुराड्याची काजळी वाऱ्याबरोबर येते, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, हे मला माहीत असायला पाहिजे होतं. ओल्या रंगावर काळे ठिपकेच ठिपके. परत घासलं, ताडपत्रीचा तंबू केला, परत मारलं.

रंग कुठला दिला? निळसर करडा. नंबरप्लेटमागे सापडलेल्या तुकड्यावरून दुकानात जुळवून घेतला. आरसीवर तशी नोंद करायला अर्ज दिलाय.

मग आता ही जीप 'ओरिजिनल' झाली का? कागदावर तरी नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. आमचं इंजिन वडापच्या काळात बदललंय. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. मामा म्हणाला, "मग नकोच. बाजाराला कशानं जाऊ?"

मला वाटतं, मामाचा तो पहिला प्रश्नच बरोबर होता. मूळ म्हणजे कुठलं? कारखान्यातून निघाली तो दिवस, आजी बसली ती रात्र, का आप्पा उसात होते त्या रात्री? गाडी दुरुस्त करणारा माणूस यांतला एक दिवस निवडतो आणि बाकीचे झाकतो. झाकायला हरकत नाही. रंग म्हणजे शेवटी झाकणंच. पण खालचं घासून टाकलं की ते कुणालाच परत बघता येत नाही.

आमच्या जीपच्या डाव्या पत्र्यावर आता काही दिसत नाही. पण हात फिरवलात तर एका जागी किंचित उंचवटा लागतो. पेंटरकाकांना तो अजून खुपतो. आप्पांना माहीत आहे तो कुठे आहे. परवा ते मामाबरोबर बाजाराला गेले, पुढे बसून. चढताना मात्र वळसा घालून उजव्या बाजूने चढले.

तुमच्या घरी, शेडमध्ये, आजोबांची एखादी जुनी गाडी, सायकल, ट्रॅक्टर असेल तर तिला रंग देण्याआधी बांगडीएवढी जागा घासून बघा. आणि ती घासताना घरातलं एखादं म्हातारं माणूस शेजारी बसवा. रंग तुम्हाला दिसेल, पण तो काय होता हे तेच सांगतील.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.